एक्याऐंशी लाखांचे कर्ज

मुंबईतील एका मराठी शाळेत समुपदेशक म्हणून काम करताना पालकांचा एक प्रश्न मला दरवर्षी थोड्याफार फरकाने ऐकावा लागतो : घरातील पैशांच्या गोष्टी मुलांना इतक्या लवकर कळू द्याव्यात का? व्याज, बचत, वीजबिल, पाणी हे विषय शाळेच्या प्रकल्पांतून घरात शिरले की या प्रश्नाला धार येते. एका घराने तो मला ज्या रूपात विचारला, ते येथे सांगते. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ऑक्टोबरचा उकाडा होता. सातवीतील एका मुलीची आई मला भेटायला आली. मुलगी रात्री पंखा बंद करून झोपते, शेजारी झोपणाऱ्या आजीलाही तो लावू देत नाही, सहलीच्या पैशांची सूचना तिने घरी दाखवलीच नाही, आणि सकाळी शाळेला निघताना तिच्या पोटात दुखते, असे त्या सांगत होत्या. डॉक्टरांनी तपासून काही विशेष नसल्याचे सांगितले होते. “पूर्वी ती हट्ट करायची तेव्हा आम्ही रागवायचो. आता ती काही मागतच नाही, त्याचीच भीती वाटते,” असे म्हणून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “मॅडम, रागावू नका, पण शाळेने हे पैशांचं खूळ मुलांच्या डोक्यात घालायची काय गरज होती?”

त्यांचा रोख योग्य ठिकाणी होता. त्या पंधरवड्यात सातवीला दोन प्रकल्प एकदम दिले गेले होते. एकात घरचा एका महिन्याचा जमाखर्च मांडायचा होता आणि दुसऱ्यात घरातील विजेचा व पाण्याचा वापर नोंदवायचा होता. जमाखर्चाच्या तक्त्यात ‘कर्ज’ असा एक रकाना होता. तो भरण्यासाठी मुलीने आईकडून गृहकर्जाचे कागद मागून घेतले होते.

पहिल्या भेटीत माझी चूक झाली, ती सांगितली पाहिजे. मी तिला म्हटले की पैशांची काळजी करायला आई-बाबा आहेत, तू तुझ्या अभ्यासाकडे लक्ष दे. तिने मान हलवली आणि ती निघून गेली. पुढच्या आठवड्यात आईचा फोन आला की तिने चित्रकलेचा क्लासही सोडायचे म्हटले आहे. मोठी माणसे काहीतरी लपवत आहेत ही तिची शंका माझ्या धीर देण्याने पक्कीच झाली होती. एखाद्या आकड्याला घाबरलेल्या मुलाला ‘त्या आकड्याकडे बघू नकोस’ असे सांगणे हा मुळात उपायच नव्हे, आणि इतक्या वर्षांच्या अनुभवानंतर मला ते आधी सुचायला हवे होते.

दुसऱ्या भेटीत मी तिला प्रकल्पाची वही दाखवायला सांगितली. शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक उदाहरण सोडवलेले होते. मुद्दल ३० लाख, दर ८.५ टक्के, मुदत २० वर्षे. व्याज ५१ लाख. एकूण ८१ लाख. त्याखाली तिने ८१ लाखांना २४० महिन्यांनी भागले होते आणि उत्तर ३३,७५० रुपये आले होते. पुन्हा खाली लिहिले होते : हप्ता २६,०३५. कमी पडतात ७,७१५. या शेवटच्या आकड्याभोवती चौकट होती.

राज्य मंडळाच्या सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हे प्रकरण आहे. तिने त्यातली रीत अचूक वापरली होती, गुणाकारात एक शून्यही चुकवले नव्हते. फक्त गृहकर्जाला ती रीत लागू पडत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिच्या हिशेबाने बाबा नऊ वर्षे दरमहा पावणेआठ हजार रुपये कमी भरत होते, ते साठत चालले होते, आणि एक दिवस बँकेची माणसे घर घ्यायला येणार होती. बंद पंखा, न भरलेली सहल, सोडलेला क्लास हे सगळे त्या ७,७१५ रुपयांच्या भरपाईसाठी होते. मी तिला विचारले, आतापर्यंत किती जमले? ती म्हणाली, “सहलीचे धरून साधारण तेराशे.”

येथे मला तिच्या वडिलांची गरज होती. ते आले, पण पगाराचा आकडा मुलीसमोर काढायला त्यांचे मन तयार नव्हते. मी त्यांना तसा आग्रह केला नाही. मुलांना सर्व काही सांगितलेच पाहिजे असे माझे मत नाही. जे सांगू ते खरे आणि पुरे असावे, एवढेच. गणिताच्या बाईंना सोबत घेऊन आम्ही चौघे टेबलाभोवती बसलो. कर्जाचा दर मधल्या काळात खालीवर झाला होता, पण सोयीसाठी आम्ही ८.५ टक्केच धरला. पहिल्या महिन्याचे व्याज पूर्ण ३० लाखांवर, म्हणजे २१,२५० रुपये. हप्त्यातले उरलेले ४,७८५ रुपये मुद्दलातून वजा होतात, म्हणून दुसऱ्या महिन्याचे व्याज २९,९५,२१५ रुपयांवर लागते. असे दर महिन्याला मुद्दल थोडे घटते, व्याज थोडे घटते आणि मुद्दलात जाणारा वाटा वाढत जातो. वीस वर्षांचे एकूण व्याज त्यामुळे ५१ लाख होत नाही, साधारण साडेबत्तीस लाख होते. पहिल्या सहा महिन्यांचे आकडे तिने स्वतः काढले. सातव्या महिन्याला ती थांबली आणि बाईंना म्हणाली, “म्हणजे कमी पडतच नव्हते.”

साडेबत्तीस लाख ही रक्कमही लहान नाही. ती ऐकून तिचे बाबाच क्षणभर गप्प झाले, कारण नऊ वर्षांत त्यांनी ही बेरीज कधी केली नव्हती. नऊ वर्षांनंतरही या हिशेबाने सव्वाबावीस लाखांच्या आसपास मुद्दल शिल्लक राहते, हे कळल्यावर त्यांनी मला हळूच विचारले की दिवाळीचा बोनस मुद्दलात भरला तर चालेल का. तो प्रश्न माझ्या कामाचा नव्हता. मी त्यांना बँकेत विचारायला सांगितले. मुलीला मात्र त्यांनी आपणहून दोन गोष्टी सांगितल्या. आजवर एकही हप्ता थकलेला नाही, आणि नोकरीत काही अडचण आलीच तर चार हप्ते भरता येतील इतके पैसे वेगळे ठेवलेले आहेत. पगाराचा आकडा तिने विचारलाही नाही.

पंख्याचा प्रश्न उरला होता. पर्यावरणाच्या प्रकल्पाने तिला वीज वाचवायला सांगितले होते, कोणती वीज किती हे सांगितले नव्हते. नेहमीचा छताचा पंखा साधारण ७५ वॅटचा असतो. रात्रीचे आठ तास चालला तर तो ०.६ युनिट वीज घेतो. त्याउलट २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४५ अंशांपर्यंत तापवायला जवळजवळ अर्धा युनिट लागतो, म्हणजे एका बादलीत पंख्याचे सहा तास. त्यांच्या घरी चार माणसे भर ऑक्टोबरातही गीझरच्या पाण्याने अंघोळ करीत होती. हे गणित तिने घरी जाऊन मांडले आणि तीन बादल्या बंद झाल्या. चौथी आजीची होती. तिचे गुडघे दुखतात, म्हणून ती चालू राहिली, आणि हा निर्णय मुलीनेच घेतला, याचे मला विशेष वाटले. पंखा त्या रात्रीपासून सुरू झाला. पोटदुखी थांबायला मात्र आणखी तीन आठवडे लागले. ती लांबली असती, झोप आणि भूक बिघडलेलीच राहिली असती, तर मी त्यांना मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवले असते. प्रत्येक भीती हिशेबाने फिटत नाही.

आता त्या आईंच्या प्रश्नाकडे येते. पर्यावरणाचे शिक्षण सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशापासून शालेय अभ्यासक्रमाचा भाग होत गेले. आपल्या राज्य मंडळाच्या गणितात सातवीला सरळव्याज, आठवीला चक्रवाढ व्याज, नववी-दहावीला ‘अर्थनियोजन’ आहे. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने २०१४ मध्ये बँकांना दिली. तेव्हा हा विषय मुलांपासून दूर ठेवता येईल ही आशा सोडून द्यावी, आणि खरे तर ठेवूही नये असे मला वाटते. या मुलीला शिकण्याचा त्रास झाला नाही, अर्धे शिकून एकटे राहण्याचा झाला. शिवाय आपण तिच्या हातात घरातला सर्वांत मोठा आकडा दिला, ज्यात ती काहीही बदलू शकत नव्हती. वीजबिल, ओवाळणीचे पैसे, रद्दी असे काहीतरी तिच्या हाताच्या मापाचे आधी द्यायला हवे होते.

शाळेचाही दोष होताच. मुख्याध्यापकांशी बोलताना मी तो स्पष्ट मांडला. त्याच वर्गातील एका मुलाने घरचे उत्पन्न दुप्पट लिहून आणले होते, कारण तक्ते वर्गात वाचून दाखवायचे होते. पत्र्याच्या खोलीत राहणारा आणि वीस मजली इमारतीत राहणारा एकाच बाकावर बसतो, हे या शहरातील शाळेचे बळ आहे. तेथे घरचे खरे उत्पन्न जाहीर करायला लावणे हा शुद्ध अविचार होता. आता त्या प्रकल्पात एक काल्पनिक कुटुंब दिले जाते, त्याचा जमाखर्च सर्वांनी मांडायचा असतो. वीज-पाण्यासाठी शाळेचेच बिल वर्गात लावले जाते. घरचे कागद मागवायचे नाहीत, असे ठरले आहे.

डिसेंबरच्या शेवटी ती मुलगी मधल्या सुट्टीत घरचे वीजबिल घेऊन माझ्या खोलीत आली. आकडा ३१२ युनिटांवरून २८८ वर आला होता. ३०० युनिटांच्या पुढच्या विजेला दर चढा असतो, म्हणून तिच्या आईने शेजारणींना ते बिल कौतुकाने दाखवले होते. मी अभिनंदन केले, तर तिने मला थांबवले. बिलावर मागच्या वर्षीच्या डिसेंबरचा वापरही छापलेला होता, २९७ युनिट. “थंडीत पंखे कमीच चालतात, मॅडम. आमचे खरे नऊच आहेत,” ती म्हणाली, आणि बिलाची घडी नीट घालून तिने ते कंपासपेटीत ठेवले.