चहा झाला की तंबाखू लागतेच, पण पुण्याला मुलीकडं गेलं की आठवत पण नाही, असं का?

काका, तुम्ही मोंढ्यात दुकानावर बसता, चहा झाला की हात आपोआप पुडीकडं जातो, अन् मुलीकडं चार दिवस ऱ्हायलात तर आठवण येत नाही, मग ही सवय खरी का खोटी असं विचारायलात. खरीच हाय, पण ती लटकलीय त्या दुकानाला, त्या बाकड्याला अन् त्या ग्लासाला.

ह्यावर एक लई भारी प्रयोग झालाय, २०११ ला छापून आला, वेंडी वूड म्हणून अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ बाई हायेत, त्या होत्या त्यात. लोकांना सिनेमा हॉलमध्ये पॉपकॉर्न दिले, काहींना ताजे अन् काहींना आठवडाभराचे शिळे. आता शिळे तोंडात घातले की कळतंच की, तरी ज्यांना सिनेमाला बसलं की पॉपकॉर्न खायची सवय होती त्यांनी शिळे पण ताज्याएवढेच खाल्ले! अन् तेच मीटिंगच्या खोलीत गाण्याचे व्हिडिओ बघताना दिले तर शिळ्याला फारसा हात लावला नाही. हॉलमध्येच पण सवय नसलेल्या हातानं खायला सांगितलं तरी शिळे खाणं कमी झालं, कारण हाताकडं लक्ष द्यावं लागलं ना.

तुमचं तेच. ग्लास खाली ठेवला, शेजारच्या आडत्यानं चुन्याची डबी काढली, झालं. मुलीच्या फ्लॅटमध्ये ना आडत्या ना थुंकायला जागा.

अर्थात तंबाखूत निकोटिन असतं, त्यामुळं पॉपकॉर्नइतकं सोपं नाही, सोडल्यावर सुरुवातीला चिडचिड होते, झोप बिघडते. पण आपल्याकडं माळ घातली की भलेभले सोडतात ते बघा, श्रद्धा तर हायेच, पण मला वाटतं माळकऱ्यापुढं कुणी पुडी धरत नाही ह्याचा पण मोठा हात असावा.

म्हणून नुसत्या शपथा घेऊ नका. पुण्याला जाल तेव्हाच सोडा, अन् परत आल्यावर चहा दुकानावर घेऊच नका, घरी घ्या, ग्लास ठेवला की लगेच बडीशेप तोंडात. एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात त्यावर जाऊ नका, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ९६ जणांवर अभ्यास झाला त्यात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस निघाले, अन् माणसामाणसात लई फरक, १८ पासून २५४ पर्यंत. फारच ओढ लागली तर सरकारची तंबाखू सोडायची फुकट हेल्पलाईन हाय, १८००-११२-३५६, मराठीत बोलतात का ते लावून बघा.