जुना एनईएस (निन्टेन्डोचा कॅसेटवाला जुना गेम कन्सोल) मेलाय, त्याच्या खोक्यात रेट्रो गेमिंग पीसी करायचाय. रास्पबेरी पाय ४ (एकाच छोट्या पाटीवरचा कॉम्प्युटर) टाकू की मिनी-आयटीएक्स बोर्ड (छोट्या पीसीचा मदरबोर्ड)?

तुम्ही प्रश्नात जाता जाता एक ओळ लिहिलीय, "पॉवर दाबलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो, म्हणजे बोर्ड गेलाय", आणि लगेच पाय की मिनी-आयटीएक्स यावर गेलात. मी त्या ओळीवरच अडकलोय. पाय की आयटीएक्स ते सांगतो पुढे, पण आधी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्याचा कन्सोल मेलेला नसतो. हेच मी माझ्या दादाला कित्येक वर्षं सांगतोय आणि तो अजून मानत नाही.

दिवा का लुकलुकतो ते बघा. त्या मशीनमध्ये १०एनईएस नावाची कुलपाची चिप आहे आणि तिची जोडीदार प्रत्येक अधिकृत कॅसेटमध्ये. दोघी एकाच तालावर एकच हिशोब करत राहतात, आणि कॅसेटमधल्या चिपकडून बरोबर उत्तर आलं नाही की कन्सोलमधली चिप प्रोसेसरला रीसेट मारते, साधारण सेकंदाला एकदा, सतत. दिवा लुकलुकतो तो त्यामुळे. म्हणजे अडॅप्टर ठीक आहे, आतला रेग्युलेटर ५ व्होल्ट देतोय, कुलपाची चिप जागी आहे आणि तिला फक्त कॅसेट नीट ऐकू येत नाहीये. ती येत नाही कारण ७२ पिनांचा कनेक्टर. कॅसेट आत सरकवून खाली दाबायची ती जी पद्धत होती ना, तिच्यात वर्षानुवर्षं पिना वाकत जातात, वर काळपट थर बसतो, आणि त्यात आपण सगळ्यांनी कॅसेटमध्ये फुंकर मारून मारून ओल घातलेली असते. कनेक्टर बोर्डावरून नुसता ओढून निघतो, सोल्डरिंग लागत नाही. तो पाण्यात दहा मिनिटं उकळा, पूर्ण म्हणजे पूर्ण वाळू द्या, कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि परत लावा. नवीन कनेक्टर मिळतात पण त्यातले काही कॅसेटला असं करकचून धरतात की बाहेर काढताना जीव जातो, म्हणून आधी जुनाच साफ करा. एवढं करूनही लुकलुकत असेल तर कुलपाच्या चिपची ४ नंबरची पिन बोर्डावरून उचलतात, मग ती रीसेट मारायचं सोडून देते.

आता हे मला इतकं का लागतं ते सांगतो.

आमच्याकडेही हाच कन्सोल होता आणि हाच दिवा. दादाने बघितलं, म्हणाला बोर्ड उडाला, आपण ह्यात पाय टाकू, हजारो गेम चालतील. मी म्हटलं आधी कनेक्टर बघूया, मी वाचलंय त्याबद्दल. तो म्हणाला बघू. मग मी चार दिवस घरी नव्हतो आणि परत आलो तेव्हा बोर्ड काढून बाजूला ठेवलेला, आतले प्लॅस्टिकचे खांब पकडीने मुळापासून तोडलेले, मागच्या बाजूला एचडीएमआयसाठी भोक पाडलेलं, आणि ते कानशीने नव्हे तर सोल्डरिंगच्या गरम टोकाने, त्यामुळे कडा वितळून ओघळलेल्या. पाय तळाला हॉट ग्लूने चिकटवलेला. दादाचा हेतू चांगला होता हे मी आधीच सांगतो, त्याला मला सरप्राईज द्यायचं होतं, आणि पहिल्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत खेळलो. मी त्याच्यावर चिडलो नाही त्या दिवशी. चिडलो ते नंतर.

कारण त्याने पॉवरचं बटण थेट पायच्या ५ व्होल्टच्या वायरीत मधे घातलं होतं. एनईएसचं पॉवर बटण एकदा दाबलं की अडकून बसतं, परत दाबलं की सुटतं, म्हणजे साधा चालू-बंद स्विच. बाहेरून अगदी मूळ मशीनसारखं वाटतं, दादाला त्याचाच अभिमान होता. पण पाय हा कॉम्प्युटर आहे, त्याला बंद व्हायला वेळ लागतो, आणि त्याच्या मेमरी कार्डावर काही लिहिणं चालू असताना वीज तोडली की फाईल सिस्टीमची वाट लागते. त्याहून मोठी गोष्ट, रेट्रोआर्चमध्ये (पायवर जुने गेम चालवणारा प्रोग्रॅम) गेमच्या आतलं सेव्ह मुळात कार्डावर जातं ते गेममधून नीट बाहेर पडल्यावर, ऑटोसेव्हचा इंटरव्हल तुम्ही स्वतः चालू केला नसेल तर. म्हणजे मी गेममध्ये सेव्ह करायचो, गेम म्हणायचा झालं, दादा किंवा मी बटण दाबून बंद करायचो, आणि ते सेव्ह कधी कार्डापर्यंत पोचलेलंच नसायचं. आठवडाभर मला वाटत होतं मीच सेव्ह करायला विसरतोय. मग एक दिवस कार्ड बूटच होईना आणि उरलेलं होतं नव्हतं तेही गेलं.

दादाचं म्हणणं काय, तर कार्ड खराब होतं. आणि जुन्या मशीनला कुठे शटडाऊन करावं लागायचं, धाडकन बंद करायचो की. मला ह्याचं उत्तर त्या वेळी सुचलं नव्हतं, आता देतो. जुन्या मशीनलाही करावं लागायचं! द लेजंड ऑफ झेल्डाची १९८७ ची कॅसेट आठवा, तिच्यात सेव्हसाठी बॅटरी होती आणि सूचना असायची की रीसेट दाबून धरा आणि मग पॉवर बंद करा, कारण वीज जाताना प्रोसेसर भरकटला तर सेव्हवर काहीबाही लिहू शकतो. त्या दोन बटणांचं काम तेव्हाही ठरलेलं होतं.

त्यानंतर ते खोकं मी एकट्याने परत बांधलं. ग्लू खरवडला. तोडलेल्या खांबांच्या जागी पायसाठी एम२.५ चे पितळी स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारे छोटे खांब) बसवले, पायची भोकं ५८ बाय ४९ मिलिमीटरवर असतात, आधी कागदावर काढून मग तळाला भोकं पाडली. मागचं वितळलेलं भोक एबीएस प्लॅस्टिकचे तुकडे अॅसिटोनमध्ये विरघळवून त्या लगद्याने भरलं आणि वाळल्यावर घासलं, तरी रंग जुळला नाही, तो जुळत नाहीच, कारण जुनं प्लॅस्टिक वयाने पिवळं पडलेलं असतं. पॉवर बटणाच्या स्विचमध्ये त्याला अडकवून ठेवणारी एक बारीक तार असते, ती काढली की तेच बटण दाबून सोडायचं होतं. ते जोडलं पायच्या जीपीआयओ ३ ला (बाहेरची बटणं वगैरे जोडायच्या पिनांपैकी एक), म्हणजे ५ नंबरची पिन आणि शेजारचं ग्राउंड. कॉन्फिगमध्ये (पायच्या सेटिंगच्या फाईलमध्ये) जीपीआयओ-शटडाऊनची एक ओळ टाकली की पहिल्या दाबाला नीट शटडाऊन आणि पुढच्या दाबाला परत चालू. रीसेटला दुसरी पिन दिली, ते दाबलं की गेममधून बाहेर येतो, म्हणजे सेव्ह लिहिलं जातं. एवढं तुम्ही केलंत तर बाकी काहीही चुकलं तरी चालेल, आणि हे केलं नाहीत तर बाकी कितीही सुंदर केलंत तरी तुमचे सेव्ह जाणारच आहेत.

वायर जाड घ्या. दादाने मूळ बटणाच्याच बारक्या वायरीतून पायचा सगळा करंट नेला होता, पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा सप्लाय लागतो, आणि व्होल्टेज ४.६३ च्या खाली गेलं की पडद्याच्या कोपऱ्यात पिवळी वीज दिसते. आमच्या पडद्यावर ती रोज दिसायची आणि दादाला वाटायचं ते गेमचंच चिन्ह आहे.

मूळ कंट्रोलर ठेवा, कृपा करून. दोन्ही पोर्ट पुढे आयते आहेत. आत ४०२१ नावाचा एकच शिफ्ट रजिस्टर (बटणांची स्थिती ओळीने पाठवणारी चिप) आहे, पाच वायरी, लॅचचा इशारा दिला की आठ बटणं क्लॉकच्या ठोक्याला एकेक करून बाहेर येतात, ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग चार दिशा. पायच्या पिनांना थेट जोडणार असाल तर कंट्रोलरला ५ व्होल्ट देऊ नका, ३.३ द्या, ४०२१ त्यावर व्यवस्थित चालतो आणि पायची पिन जळत नाही. ब्लूटूथचा कंट्रोलर वापरणार असाल तर आतला पत्र्याचा शील्ड काढा, नाहीतर सिग्नल अडतो आणि वायफाय पण रडतं.

बरं, तुमचा प्रश्न. एनईएसच्या खोक्यात पाय ४. मिनी-आयटीएक्स बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटर, खोकं साधारण २५६ बाय २०३ आणि उंची ८९, त्यामुळे आडवा बोर्ड मापाने बसतो, लोकांनी बसवलेत. पण त्यासाठी आतले सगळे खांब जातात, कॅसेटचा ट्रे जातो, झाकण नुसतं शोभेचं उरतं, ठेंगणा कूलर शोधा, १२ व्होल्टवर चालणारा छोटा पॉवर सप्लाय शोधा, आणि एवढं करून ८ बिट आणि १६ बिटचेच गेम खेळायचे असतील तर ते पाय आरामात खेळवतो. प्लेस्टेशन १ पण छान चालतो. निन्टेन्डो ६४ गेमनुसार, काही मस्त, काही अडखळत. प्लेस्टेशन २ आणि गेमक्यूब हवेच असतील तर मात्र पाय ४ च्या नादी लागू नका, आयटीएक्सच घ्या, पण मग खोकं दुसरं घ्या. २००१ चा पहिला एक्सबॉक्स ह्याला उत्तम, तो मुळातच पीसी होता, पेंटियम ३ च्या घराण्यातला ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, ६४ एमबी रॅम, हार्ड डिस्क, आणि खोकं ऐसपैस. तिथे बोर्ड खरोखर मेलेला सापडणंही सोपं, कारण आतला घड्याळाचा कपॅसिटर गळून बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो.

पायवर हीटसिंक लावाच, ८० अंशांवर तो स्वतःहून वेग कमी करतो आणि एनईएसच्या बंद खोक्यात तिथपर्यंत जायला वेळ लागत नाही. झाकणावरच्या फटी बुजवू नका. हॉट ग्लू त्याच उष्णतेने मऊ पडतो, आमचा पाय एकदा ग्लूवरून सरकून तिरका झाला होता.

एक राहिलंच, मूळ अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो, डीसी नाही. तो पायच्या आसपासही नेऊ नका. आणि तुमचा दिवा अजिबात लागतच नसेल, किंवा बोर्डावर पाणी जाऊन तांबं हिरवं पडलं असेल, तर मी वर म्हटलेलं सोडा, मग खुशाल खोकं रिकामं करा. सरसकट सगळे बोर्ड वाचतात असं मी म्हणत नाही.

पण आमचा वाचला होता. दोनेक वर्षांनी कपाट आवरताना तो बोर्ड हाताला लागला. कनेक्टर त्याच्यावरच होता, तो काढून उकळला, वाळवला, परत लावला. खोक्यातून बटणांची पट्टी आणि कंट्रोलरचा एक सॉकेट सोडवून टेबलावर बोर्डाला जोडला, कॅसेट घातली आणि पॉवर दाबलं. दिवा लागला, स्थिर. फक्त मी स्विचमधली ती अडकवणारी तार आधीच काढून टाकली होती, त्यामुळे बोट उचललं की मशीन बंद. एका हाताने बटण दाबून धरलं आणि दुसऱ्या हाताने स्टार्ट, आणि तसाच बसलो, अंगठा दुखेपर्यंत. दादाला हाक मारली. त्याने पाहिलं आणि म्हणाला, "तू नवीन कनेक्टर टाकलास, म्हणून चालला." नवीन नव्हता टाकला. जुनाच होता, आणि हे त्याने शंभरदा विचारलं तरी मी शंभरदा तेच सांगेन.

आज तो बोर्ड माझ्याकडे आहे, चालू अवस्थेत, आणि त्याला बसवायला खोकं नाही, कारण ज्या खांबांवर तो उभा राहायचा ते तुटलेत. तुमचे अजून शाबूत आहेत. आज रात्री कनेक्टर काढा, उकळा, आणि काय झालं ते इथे लिहा.