वर्णभेद, वर्णद्वेष की वंशवाद?

विचारणा अशी आहे: अमेरिकेच्या इतिहासावरचा एक लेख मराठीत आणताना 'रेसिझम'ला वर्णभेद म्हणावं, वर्णद्वेष म्हणावं की वंशवाद? वर्तमानपत्रांत तिन्ही दिसतात, कधीकधी एकाच बातमीत. जोडीला उपप्रश्न: तिथल्या ब्लॅक लोकांसाठी कृष्णवर्णीय बरं की काळे, आणि जुन्या मजकुरात 'निग्रो' आला तर तो ठेवायचा की बदलायचा?

घाईत असाल तर उत्तर एवढंच: 'रेस'साठी वंश घ्या, भेद, द्वेष आणि वाद एकमेकांच्या जागी वापरू नका, आणि निग्रो जिथे मुळात आहे तिथे राहू द्या. सवड असेल तर कारणं पुढे आहेत, आणि ती जरा लांबलचक आहेत.

'वर्ण'वर आपल्याकडे आधीच तिघांचा हक्क आहे. वर्णमालेत तो अक्षर असतो, चातुर्वर्ण्यात समाजाची उतरंड, आणि लग्नाच्या जाहिरातीत कातडीचा रंग: गोरा, निमगोरा, आणि अगदीच नाइलाज झाला की गव्हाळ. दक्षिण आफ्रिकेतल्या अपार्थाइडच्या बातम्यांमुळे 'वर्णभेद' मराठीत पक्का रुळला, त्याबद्दल तक्रार नाही. पण अमेरिकेच्या बाबतीत तो वाचकाला चकवतो. वाचक समजतो, भेद कातडीच्या रंगावरून होता. कायद्याच्या पुस्तकात मात्र रंग पुरेसा कधीच नव्हता.

होमर प्लेसीचं प्रकरण पाहा. न्यू ऑर्लिन्सचा हा जोडे बनवणारा तरुण जून १८९२ मध्ये पहिल्या वर्गाचं तिकीट काढून कव्हिंग्टनला जाणाऱ्या गाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसला. पणजोबा-पणज्या मिळून आठ माणसं, त्यातलं एक आफ्रिकी वंशाचं, बाकी सात गोरी. दिसायला इतका गोरा की तो गप्प राहिला असता तर कंडक्टरने ढुंकूनही पाहिलं नसतं. पण लुइझियानाच्या वेगळ्या डब्यांच्या कायद्याला आव्हान द्यायचं तर अटक व्हायलाच हवी होती, म्हणून स्थानिक नागरिकांच्या समितीने सगळं आधी ठरवलं होतं. रेल्वे कंपनीही आतून सामील होती, कारण जादा डबे जोडण्याचा खर्च तिच्याच बोकांडी बसत होता. प्लेसीने आपण 'कलर्ड' असल्याचं स्वतः सांगितलं आणि मग त्याला उतरवून अटक झाली. १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'वेगळं पण समान' असेल तर चालेल असा निवाडा दिला आणि तो १९५४ पर्यंत टिकला. आता या गोष्टीला 'वर्णभेद' म्हणा आणि पाहा: ज्याचा वर्ण गोरा, त्यालाच वर्णावरून उतरवलं, असं विचित्र वाक्य तयार होतं.

पुढे दक्षिणेतल्या राज्यांनी 'एका थेंबाचा' नियम कायद्यात आणला. आफ्रिकी रक्ताचा एक थेंब असला तरी माणूस गोरा नाही. (मराठी वाचकाला हे समजावून सांगावं लागत नाही; विटाळाचं गणित असंच चालतं.) व्हर्जिनियाच्या १९२४ च्या कायद्याने मात्र या थेंबाला एक गमतीदार अपवाद ठेवला: सोळाव्या हिश्शापर्यंत मूळनिवासी अमेरिकी रक्त असेल आणि बाकी सगळं गोरं, तर चालेल. कारण काय, तर तिथली जुनी बडी घराणी आपण पोकाहोंटास या मूळनिवासी सरदारकन्येचे वंशज असल्याचं मिरवत होती. त्यांनाच बिगरगोरे ठरवून कसं चालेल?

आणखी एक उदाहरण आपल्या जवळचं आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळतो. १७९० च्या कायद्याप्रमाणे अमेरिकेचं नागरिकत्व अर्ज करून मिळवायचं तर 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' असावं लागे. १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाच्या लोकांची भर पडली. आशियातून आलेला माणूस यात कुठे बसतो, हे प्रत्येक वेळी कोर्टाने ठरवायचं. भिकाजी बालसारा या मूळच्या मुंबईच्या पारशी व्यापाऱ्याला १९१० मध्ये न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयाने गोरं मानलं. ताकाओ ओझावा जपानी, वीस वर्षं अमेरिकेत राहिलेले, कॅलिफोर्नियात शिकलेले. आपली कातडी अनेक गोऱ्यांपेक्षा उजळ आहे असा त्यांच्या बाजूने युक्तिवाद झाला. नोव्हेंबर १९२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रंगाचा प्रश्नच नाही, 'गोरा' म्हणजे कॉकेशियन वंशाचा. झालं. हा निकाल हाती घेऊन भगतसिंग थिंड पुढे आले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी लष्करात नोकरी केलेले पंजाबी शीख. त्या काळचे मानववंशशास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियनच म्हणत. फेब्रुवारी १९२३ मध्ये त्याच न्यायालयाने, त्याच न्यायमूर्ती सदरलंड यांच्या लेखणीतून सांगितलं की शास्त्राचं राहू द्या, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तो गोरा. तीन महिन्यांत फिरलेला हा शब्दार्थ लिहिणारे सदरलंड स्वतः इंग्लंडात जन्मलेले होते. त्यांच्या गोरेपणाची कागदपत्रं अर्थातच कुणी मागितली नाहीत.

थिंड यांच्या बाजूने उभे राहिलेल्या वकिलांपैकी एक होते सखाराम गणेश पंडित. १९१४ मध्येच ते अमेरिकेचे नागरिक झाले होते आणि लॉस एंजेलिसला वकिली करत होते. थिंड निकालानंतर सरकारने अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली, त्यात पंडितांवरही पाळी आली. एकदा कोर्टाने दिलेला निवाडा, ज्यावर सरकारने तेव्हा अपील केलं नाही, तो इतक्या वर्षांनी उकरून काढता येणार नाही, हा त्यांचा मुद्दा अपील न्यायालयाने १९२६ मध्ये उचलून धरला. पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचा अर्ज ऐकायला नकार दिला. पंडित वाचले ते कायद्याच्या बारकाव्यावर, वंशाच्या नाही. बाकी भारतीयांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं.

तेव्हा रंग, शास्त्र, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं मत, कायद्याने यातलं सोयीचं ते उचललं. टिकून राहिलेला प्रश्न एकच: हा कुणाच्या पोटी जन्मला? त्या प्रश्नाला मराठीत वंश हाच शब्द जवळचा आहे. फक्त एक फरक ध्यानात ठेवा. आपला वंश बापाकडून चालतो, वंशाचा दिवा मुलगाच असतो. व्हर्जिनियाने १६६२ मध्ये उलटं ठरवलं: मूल आईच्या दर्जाला जाईल. म्हणजे गुलाम स्त्रीला मालकापासून झालेलं मूलही गुलामच. मालकाची संपत्ती वाढली आणि वारसाहक्काची कटकटही नाही. अशा ठिकाणी अनुवादात 'वंश' एकटा सोडू नका, अर्ध्या वाक्याचा खुलासा द्या.

'वंशवाद'ची अडचण निराळी आहे. हिंदीत वंशवाद म्हणजे आपली घराणेशाही, आणि रेसिझमला ते नस्लवाद म्हणतात. हिंदीवरून घाईघाईने मराठी केलेल्या बातम्यांमुळे 'वंशवादी पक्ष' म्हणजे बापानंतर मुलगा अध्यक्ष होणारा पक्ष, असा अर्थ इकडेही शिरतोय. मी तरी घराणेशाहीला घराणेशाहीच म्हणतो. एवढा चांगला शब्द घरात असताना उसना कशाला आणायचा?

आता भेद, द्वेष, वाद. द्वेष ही भावना आहे, तिला माणूस लागतो. वाद ही विचारसरणी आहे, तिला ग्रंथ, भाषणं, प्राध्यापक लागतात. भेद हे वागणं आहे, नियम आहे, आणि तो कुणाचाही द्वेष न करता पाळता येतो. इथेच अनुवाद सर्वांत जास्त घसरतात.

१९३३ मध्ये मंदीत बुडणारी घरकर्जं सावरण्यासाठी अमेरिकी सरकारने एक महामंडळ काढलं. त्याने पुढच्या काही वर्षांत दोनशेहून जास्त शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा म्हणजे उत्तम, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे कर्ज देणं धोक्याचं. प्रत्येक वस्तीसाठी एक छापील फॉर्म होता. त्यात घरांचं वय, भाडं, रहिवाशांचा धंदा अशा रकान्यांबरोबर 'निग्रो: आहेत की नाहीत, किती टक्के' असा रकाना, आणि शेजारी 'कुणाची घुसखोरी होते आहे' असाही रकाना. भरणारा कारकून कदाचित स्वभावाने देवमाणूस असेल. फॉर्म भरला की काम झालं. डेट्रॉइटमध्ये १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती, पण शेजारी कृष्णवर्णीयांची वस्ती होती, म्हणून सरकारी कर्जहमी मिळेना. त्याने मध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली आणि हमी मंजूर झाली. ती भिंत अजून उभी आहे. या सगळ्याला 'वर्णद्वेष' म्हटलं की वाचक खलनायक शोधू लागतो. 'वंशभेद' म्हटलं की फॉर्म दिसतो.

१९८६ चा अमली पदार्थांचा कायदाही याच जातीचा. पाच ग्रॅम क्रॅकला, म्हणजे कोकेनच्या ओढायच्या खड्यांना, जी किमान पाच वर्षांची शिक्षा, ती कोकेनच्या भुकटीला पाचशे ग्रॅमवर. क्रॅकच्या खटल्यांत बहुसंख्य आरोपी कृष्णवर्णीय होते. कायद्यात वंशाचा उल्लेख कुठेही नाही. २०१० मध्ये शंभरास एक हे प्रमाण अठरास एकवर आणलं. याला तिकडे 'सिस्टेमिक' किंवा 'स्ट्रक्चरल' रेसिझम म्हणतात, आणि मराठीत कुणीतरी त्याचा 'रचनात्मक वंशवाद' केलेला मी वाचला आहे. रचनात्मक म्हणजे आपल्याकडे विधायक, गांधीजींच्या रचनात्मक कार्यातला! 'व्यवस्थेत मुरलेला वंशभेद' लिहा. दोन शब्द वाढले तर वाढू द्या.

मग 'जातिभेद' का नको, असंही कुणी विचारेल. अमेरिकनांनी स्वतः तो वापरलाय. बॉस्टनच्या वेगळ्या शाळांविरुद्ध १८४९ मध्ये वकील चार्ल्स समनर यांनी भारतातल्या जातींचा दाखला दिला होता, आणि प्लेसी खटल्यात एकट्याने विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती हार्लन यांनी 'या देशात जात नावाची गोष्ट नाही' असं बजावलं होतं. त्यांचा 'कास्ट' हा शब्द मुळात पोर्तुगीज, 'कास्ता', आणि आपल्या समाजाला तो चिकटवला सोळाव्या शतकात गोव्यापासून खाली किनाऱ्यावर उतरलेल्या पोर्तुगिजांनी. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीतलं साम्य दाखवलं होतं. पण जात म्हणजे वंश, हे त्यांना कधीच मान्य नव्हतं. १९३६ मध्येच त्यांनी ते खोडून काढलं होतं. साम्य सांगायचं तिथे सांगा, शब्द मात्र वेगळे ठेवा.

त्याच पत्रातला 'निग्रो' आपल्याला उपप्रश्नाकडे नेतो. जोतीराव फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत 'निग्रो' आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या २८ ऑगस्ट १९६३ च्या भाषणातही आहे. तो तेव्हाचा प्रतिष्ठित शब्द होता, आणि त्याचं आद्याक्षर मोठं छापावं म्हणून डुबॉइस वर्षानुवर्षं भांडले. न्यूयॉर्क टाइम्सने १९३० मध्ये ते मान्य केलं. १९६६ मध्ये मिसिसिपीत चळवळीतले तरुण नेते स्टोकली कार्मायकल यांनी 'ब्लॅक पॉवर'ची घोषणा दिली आणि काही वर्षांत निग्रो जुना, मिंधा वाटू लागला. १९८८ मध्ये कृष्णवर्णीय नेते जेसी जॅक्सन यांनी 'आफ्रिकन-अमेरिकन'चा आग्रह धरला. म्हणजे किंगच्या तोंडी 'आफ्रिकन-अमेरिकन' घालणं हा कालविपर्यास होईल. आजच्या लेखकाने स्वतःच्या वाक्यात मात्र निग्रो लिहू नये, आज तो लागतो.

२०२० च्या जूनपासून असोसिएटेड प्रेस ही वृत्तसंस्था 'ब्लॅक'चंही आद्याक्षर मोठं छापते. नव्वद वर्षांनी तोच वाद. देवनागरीत मोठी-लहान अक्षरंच नाहीत, त्यामुळे हा सन्मान आपल्याला छापताच येत नाही. तो शब्दाच्या निवडीतून दाखवावा लागतो, म्हणून मी 'कृष्णवर्णीय' वापरतो. तो थोडा इस्त्री केलेला वाटतो, कबूल. 'काळे' जास्त सरळ आहे आणि त्यांच्या स्वतःच्या 'ब्लॅक'मधली धग त्यात आहे. कविता, घोषणा, संवाद यांत तोच घ्या. पण बातमीत 'काळे म्हणाले' लिहिलंत की वाचक विचारणार, कोणते काळे, पुण्याचे की नगरचे? आणि 'हबशी' अजिबात नको. ते हबशातून, म्हणजे ॲबिसिनियातून, आपल्याकडे आलेल्यांचं नाव आहे. मलिक अंबर हबशी, न्यूयॉर्कच्या हार्लेम या कृष्णवर्णीय वस्तीतला माणूस नव्हे.

राहिला 'पीपल ऑफ कलर'. तुमच्या लेखात तो येणारच. त्याचं 'रंगीत लोक' करू नका, तो जुन्या 'कलर्ड'चा अनुवाद होतो आणि शिवाय होळी खेळून आल्यासारखा दिसतो. आपल्याकडे 'ब्राह्मणेतर' हा साचा शंभर वर्षांपासून तयार आहे, चळवळीने घासूनपुसून दिलेला. त्यावरून 'गौरेतर' करा. संधीही बरोबर आहे आणि जपानी ओझावा, पंजाबी थिंड, प्लेसी हे तिघंही त्यात मावतात.