जुन्या हार्ड डिस्कमधले निओडिमियम चुंबक काढून पुन्हा वापरता येतात का?

येतात, आणि वापरावेतच. ३.५ इंची डिस्कचे झाकण टी-८ टॉर्क्सने (सहा टोकांच्या चांदणीसारख्या स्क्रूड्रायव्हरने) उघडा; एखादा स्क्रू बहुतेकदा लेबलखाली दडलेला असतो. आत हलत्या दांड्याच्या मागच्या टोकाशी पोलादी पट्ट्यांना चुंबक चिकटवलेले दिसतील. दोन पकडींनी पट्टी वाकवा, गोंद आपोआप सुटतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटलेत तर निकेलचा मुलामा फुटतो आणि आतला मिश्रधातू दमट हवेत गंजून भुगा होतो. सुटलेले चुंबक एकमेकांपासून लांब ठेवा, बोट मध्ये सापडले तर चांगलेच चिमटते.

धातूच परत मिळवायचा असेल तर कारखान्यात आधी सुमारे ३५० अंश सेल्सिअसला तापवून चुंबकत्व घालवतात, नाहीतर चुरा यंत्राच्या लोखंडालाच चिकटून बसतो. चुंबकाच्या वजनाचा साधारण ३० टक्के भाग निओडिमियमसारख्या दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांचा असतो. घरी मात्र चुंबक घासू-दळू नका. बारीक पूड हवेत आपसूक पेटू शकते.