आधी मोर्स, मग काटा

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

जीपीएस असताना व्हीओआर (जमिनीवरच्या रेडिओ केंद्रावरून दिशा सांगणारी यंत्रणा) आणि एडीएफ (रेडिओ केंद्राकडे काटा वळवणारं विमानातलं यंत्र) कशाला घोकायचे, असं तू विचारलंस. 2023 पासून पश्चिम आशियावरून जाणाऱ्या विमानांना खोटे जीपीएस सिग्नल मिळू लागले आणि मोठमोठ्या जेटच्या पडद्यावर विमान भलत्याच ठिकाणी दिसायला लागलं. अशा वेळी जमिनीवरची ही जुनी केंद्रंच कामी येतात.

व्हीओआरच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे सगळा खेळ उंचीचा. गोंदियाहून उडालीस आणि सुमारे 75 सागरी मैलांवरचं नागपूरचं केंद्र रेडिओवर लावलंस, तर जमिनीपासून 2000 फुटांवर काहीच मिळणार नाही. तिथून टप्पा जेमतेम 55 मैलांचा. 4500 फुटांवर तेच केंद्र ऐकू यायला हवं.

शिकाऊ मंडळी खरी गोंधळतात ती पुढे. व्हीओआरच्या काट्याला विमानाचं नाक कुठे आहे याचा पत्ताच नसतो. तू कोणत्या रेडियलवर, म्हणजे केंद्रापासून निघणाऱ्या कोणत्या दिशारेषेवर आहेस, एवढंच तो सांगतो. गिरक्या घेतल्यास तरी तो फारसा हलत नाही. म्हणून केंद्राकडे जाताना ओबीएसवर (दिशा निवडायच्या खुंटीवर) जायची दिशाच लाव आणि ‘टू’, म्हणजे ‘केंद्राकडे’, दिसतंय ना ते बघ. उलटी दिशा लावलीस तर काटाही उलटा वागेल आणि दुरुस्ती करता करता तू मार्गापासून आणखी लांब जाशील. तबकडीवर काटा एक ठिपका सरकला म्हणजे 2 अंश. 30 मैलांवर तो एक मैलाचा फरक असतो.

एडीएफचं नेमकं उलट: त्याचा काटा नाकापासूनचा कोन दाखवतो. हेडिंगमध्ये (नाकाच्या दिशेच्या अंशांत) तो मिळव, 360 च्या वर गेलं तर 360 वजा कर, की केंद्राची दिशा मिळाली. पण मे महिन्यात विदर्भात गडगडाट सुरू झाला की हा काटा केंद्र सोडून ढगाकडे वळतो. संध्याकाळी आणि किनाऱ्याजवळही तो फसवतो.

म्हणून माझा आग्रह एकच: केंद्र लावलं की त्याची मोर्स ओळख (मोर्स लिपीत वाजणारी नावाची अक्षरं) कानाने ऐक, नकाशावरच्या ठिपक्या-रेघांशी ताडून बघ. केंद्र दुरुस्तीला असलं की ओळख बंद ठेवतात, पण काटा हलू शकतो. एडीएफवर तर बिघाड दाखवणारा झेंडाही नसतो. तिथे आवाज बारीक करून शेवटपर्यंत चालू ठेव.

पुढच्या नागपूर फेरीत प्रशिक्षकांना सांगून जीपीएस झाकून ठेव. दर दहा मिनिटांनी रेडियल आणि डीएमईचं (केंद्रापासूनचं अंतर मोजणाऱ्या यंत्राचं) अंतर नकाशावर मांड, आणि तो नकाशा मला पाठव.

तुझा,
काका