मुलगी लवकर वयात येतेय असं वाटतंय? आधी एवढं बघा

ताई, घाबरू नका. स्तनांची वाढ साधारण ८ ते १३ या वयात सुरू होते. पाळी त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी येते. या दोन टप्प्यांची गल्लत बरेच जण करतात. आठव्या वर्षाआधीच बदल दिसले, तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

दूध, प्लास्टिक अशा एकाच गोष्टीवर खापर फोडू नका. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो; तुमची पाळी कधी सुरू झाली ते आठवा. अंगावरच्या जादा चरबीचा संबंध बऱ्यापैकी स्पष्ट आहे. घरातल्या ताणाचाही दिसतो, पण तेच कारण असं म्हणता येत नाही. प्लास्टिक वगैरेतल्या रसायनांचं काय, ते नंतर सवडीने वाचा.

सध्या एवढंच:
- उंची-वजन नोंदवत राहा.
- तिला भरपूर खेळू द्या, डाएट नको.
- पाळीबद्दल आत्ताच मोकळेपणाने बोला. अचानक आली की मुली फार घाबरतात.