लिफ्ट आहे, पण बाथरूमचा दरवाजा किती इंचांचा?
दिव्यांग कुटुंबांसाठी म्हाडाचे घर : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

म्हाडाची सोडत जवळ आली की घरात दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबांची पत्रे वाढतात. बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच समजूत असते : दिव्यांग प्रवर्गात लागलेले घर दिव्यांगाला वापरता येईल असे बांधलेले असणारच. तसे काही नसते. घर कोणाच्या नावे लागणार एवढेच आरक्षण ठरवते, त्या घराची दारे किती रुंद असावीत याच्याशी त्याचा संबंध नाही. हे डोक्यात ठेवून पुढचे वाचा.

प्रश्न : माझ्या प्रमाणपत्रावर ३५ टक्के अपंगत्व आहे. दिव्यांग प्रवर्गातून अर्ज चालेल का?

नाही. किमान ४० टक्के लागते. सर्वसाधारण प्रवर्गातून अर्ज करा. आजार बळावला असेल तर सरकारी रुग्णालयातून फेरतपासणी करून घ्या.

प्रश्न : प्रमाणपत्र २००९ चे, हाताने लिहिलेले आहे. सोडतीत नाव लागल्यावर नवे काढले तर चालेल ना?

हा विचार सोडून द्या. २०२३ पासून म्हाडाची पद्धत उलटी झाली आहे. कागदपत्रांची पडताळणी आता सोडतीच्या आधी, ऑनलाइन होते, आणि पात्र ठरलेलाच अर्ज सोडतीत जातो. त्यामुळे ‘नाव लागल्यावर बघू’ म्हणणाऱ्याचे नाव लागण्याची वेळच येत नाही.

जुने प्रमाणपत्र असेल तर आजच ‘स्वावलंबन’ पोर्टलवर वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी अर्ज करा. रुग्णालयात तपासणीची तारीख, वैद्यकीय मंडळासमोर हजेरी, कार्डाची छपाई यांत महिने जातात. जाहिरात आल्यावर मात्र हातात काही आठवडेच असतात. आधार, पॅन, बारकोड असलेला अधिवास दाखला आणि उत्पन्नाचा पुरावा (प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदाराचा दाखला) हेही आधीच जमवा. चारही कागदांवर नावाचे स्पेलिंग एकच हवे. ‘दत्तात्रय’ एका कागदावर एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यावर दुसऱ्या, एवढ्यावरूनही पडताळणी अडकते. म्हाडाच्या पोर्टलवरची नोंदणी वर्षभर खुली असते. जाहिरातीची वाट पाहू नका.

प्रश्न : आम्ही आई-वडील आणि भावासोबत राहतो. सगळ्यांचे उत्पन्न धरायचे का?

नाही. अर्जदार आणि त्याचा पती किंवा पत्नी, एवढेच. मुंबई महानगर प्रदेशात वार्षिक ६ लाखांपर्यंत अत्यल्प, ९ लाखांपर्यंत अल्प, १२ लाखांपर्यंत मध्यम आणि त्यापुढे उच्च उत्पन्न गट. वरच्या गटात अर्ज करायची मुभा जाहिरातीत असू शकते, खालच्या गटात कधीच नसते. कोणत्या वर्षाचे उत्पन्न धरायचे ते माहितीपुस्तिकेत दिलेले असते. पगाराशिवाय भाडे किंवा धंद्याचे उत्पन्न असेल तर करसल्लागाराला विचारूनच आकडा भरा.

प्रश्न : साताऱ्याजवळ गावी वडिलोपार्जित घर आहे. त्यामुळे बाद होऊ का?

कोणत्या योजनेत अर्ज करता त्यावर आहे. म्हाडाच्या मुंबई मंडळाच्या नेहमीच्या घरांसाठी बृहन्मुंबईच्या हद्दीत तुमच्या, पती-पत्नीच्या किंवा अज्ञान मुलांच्या नावे घर नको, अशी अट असते. तिथे गावचे घर आड येत नाही. पंतप्रधान आवास योजनेच्या घरांसाठी मात्र देशात कुठेही पक्के घर चालत नाही. एकाच सोडतीत दोन्ही तऱ्हेची घरे असतात आणि लोक दोन्हींसाठी एकच स्वयंघोषणा डोळे मिटून भरतात. सात-बारा किंवा मालमत्ता पत्रकावर तुमचे नाव लागले असेल, तर आधी वकिलाला कागद दाखवा.

प्रश्न : मुलगी ९ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी आहे. तिच्या नावाने अर्ज करावा का?

अर्जदाराचे वय १८ पूर्ण लागते, म्हणून तिच्या नावाने नाही. पालकाला तिच्या प्रमाणपत्रावर त्या प्रवर्गातून अर्ज करता येतो का, हे त्या त्या जाहिरातीतील प्रवर्गाच्या व्याख्येवर ठरते. व्याख्या वाचा आणि मंडळाच्या पणन (घरविक्री पाहणाऱ्या) विभागाला ईमेलने लेखी विचारा. फोनवर कोणीतरी ‘चालतं’ म्हणाले, याला पडताळणीत किंमत नाही.

प्रश्न : दिव्यांगांना ५ टक्के घरे असतात. मग २० घरांमागे एक आपल्यासाठी, बरोबर?

गणित बरोबर, पण योजनेत ते असे उतरत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चे कलम ३७ घरवाटपात ५ टक्के म्हणते, त्यातही दिव्यांग महिलांना प्राधान्य. म्हाडाच्या तक्त्यात मात्र वर्षानुवर्षे अंध व शारीरिकदृष्ट्या अपंगांसाठी ३ टक्के हाच आकडा दिसत आला आहे. त्यात घरे संकेत क्रमांकानुसार, म्हणजे प्रत्येक योजनेला दिलेल्या वेगळ्या क्रमांकानुसार विभागलेली. ज्या संकेतात एकूण १४ घरे आहेत, तिथे ३ टक्के म्हणजे अर्धे घरही होत नाही. पुस्तिकेतील तक्ता आडवा वाचा : संकेत क्रमांक, एकूण घरे, मग तुमच्या प्रवर्गाचा रकाना. त्या रकान्यात शून्य असेल तर त्या प्रवर्गातून तो संकेत निवडण्यात अर्थ नाही.

प्रश्न : पतीला मणक्याच्या दुखापतीमुळे व्हीलचेअर लागते. २२ मजली इमारत आहे, दोन लिफ्ट आहेत, रॅम्पही आहे. आणखी काय बघायचे?

जवळजवळ सगळेच बघायचे राहिले आहे. जाहिरातीत ‘लिफ्ट व रॅम्पची सोय’ लिहिले की लोक निश्चिंत होतात. म्हणून हे सविस्तर सांगतो.

सुरुवात घरी करा. पती खुर्चीत बसलेले असताना मापे घ्या. रुंदी एका चाकाच्या बाहेरच्या रिंगपासून दुसऱ्या रिंगपर्यंत, लांबी मागच्या चाकापासून पायाच्या बोटांपर्यंत. १८ इंची बैठकीच्या साध्या खुर्चीची एकूण रुंदी साधारण ६२० ते ६६० मिलिमीटर भरते. स्वतः चाके ढकलायची असतील तर दोन्ही बाजूंना बोटांसाठी जागा वेगळी धरा.

आता बाथरूमचा दरवाजा. मुंबईच्या लहान घरांत तो ‘अडीच फुटी’ असतो, आणि हे माप चौकटीच्या बाहेरून असते. ७५० मिलिमीटरमधून चौकटीचे दोन उभे, प्रत्येकी साधारण ६०, वजा केले की ६३० उरतात. दार काटकोनात उघडले की पल्ल्याची जाडी आणखी ३० खाते. हाती उरले ६००. तुमची खुर्ची ६४०. म्हणजे २२ मजले लिफ्टने चढून माणूस बाथरूमच्या दाराशी अडतो. दिव्यांगांना इमारत वापरता यावी यासाठीच्या, म्हणजे सुगम्यतेच्या नियमांना अपेक्षित असलेली मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आहे.

‘ताबा मिळाल्यावर दार रुंद करून घेऊ’ हे उत्तर कंत्राटदार हसत हसत देतो. आधी भिंत कशाची आहे ते विचारा. आता पुष्कळ उंच इमारती ॲल्युमिनियमच्या साच्यात ओततात, ज्याला साइटवर ‘मायव्हान’ म्हणतात. तिथे विटांच्या भिंती जवळपास नसतातच. भिंत म्हणजे सळई घातलेले काँक्रीट, आणि तीच इमारतीचा भार पेलते. ती कापणे धोक्याचे आणि बेकायदा. अशा घरात दार जेवढे आहे तेवढेच राहणार. पल्ला काढून सरकते दार बसवले किंवा पल्ला पूर्ण बाहेर फिरवणाऱ्या बिजागऱ्या लावल्या, तर तीस-चाळीस मिलिमीटर सुटतात. तेही पुरत नसेल तर ५२० ते ५६० मिलिमीटर रुंदीची, चाकांची कमोड-खुर्ची घेऊन बाहेर खुर्ची बदलावी लागते. हे जमेल का, ते पतीच्या फिजिओथेरपिस्टला विचारा. ते ठरवणे बांधकामवाल्याचे काम नाही.

बाथरूमच्या आत खुर्ची वळायला १५०० मिलिमीटर व्यासाची मोकळी जागा लागते. ३० चौरस मीटरपर्यंतच्या अत्यल्प गटाच्या घरात ती बहुधा मिळत नाही. मग निदान खुर्ची सरळ आत जाऊन कमोडच्या बाजूला लागते का, ते बघा. बैठकीची उंची ४५० ते ५०० मिलिमीटर हवी. पकडदांड्यासाठी भिंत भक्कम आहे का, तेही ठोकून पाहा. पोकळ ब्लॉकच्या भिंतीत साध्या प्लगवर बसवलेला दांडा माणसाच्या वजनाने उपटून येतो. दाराशी पाणी अडवायला २० मिलिमीटरचा दगडी उंबरा असतो. चालणाऱ्याला तो दिसतही नाही, पुढची लहान चाके मात्र तिथेच रुततात. उतार काढून तो घासून घेता येतो, आणि या यादीतले स्वस्तात सुटणारे काम बहुधा हे एवढेच.

लिफ्ट. आतली पाटी वाचा. भारतीय मानकाप्रमाणे ८ माणसांच्या लिफ्टची केबिन १३०० मिलिमीटर रुंद आणि ११०० खोल, दरवाजा ८०० चा. पायठेवणीसह खुर्ची १०५० ते १२०० लांब. पाय थोडे पुढे आले की दरवाजा बंद होणार नाही. दिव्यांगांसाठी नियमांत १३ माणसांची, २००० बाय ११०० ची, ९०० च्या दरवाज्याची लिफ्ट सांगितली आहे. दोनपैकी एक तरी अशी आहे का? आणि वीज गेल्यावर जनरेटरवर कोणती चालते?

रॅम्प. उतार १:१२ पेक्षा जास्त नको. जोते ६०० मिलिमीटर उंच असेल तर ७.२ मीटर लांब रॅम्प हवा. मुंबईत पावसाचे पाणी शिरू नये म्हणून जोती उंचच घेतात आणि मग जागा वाचवायला तीन-साडेतीन मीटरचा उभा उतार काढून त्यालाच रॅम्प म्हणतात. तो दुचाकीसाठी ठीक. मोबाइलमधले उतार मोजायचे ॲप लादीवर ठेवा. ५ अंशांपेक्षा जास्त आकडा आला तर पतीला एकट्याने तो चढता येणार नाही, आणि पावसाळ्यात उतरताना तर दुसरा माणूस सोबत लागेलच.

हे सगळे देकारपत्र, म्हणजे घर देऊ केल्याचे म्हाडाचे पत्र आल्यावर करायचे काम नाही. आतापर्यंतच्या सोडतींत २५ टक्के रक्कम भरायला साधारण ४५ दिवस आणि उरलेली ७५ टक्के भरायला पुढचे ६० दिवस, अशी मुदत असते. तेवढ्यात बँकेमागे धावावे लागते, टेप घेऊन फिरायला कोणाला वेळ मिळत नाही. अर्ज करण्यापूर्वी तयार इमारत किंवा नमुना घर पाहून या. इमारत अर्धवट असेल तर मंजूर नकाशा मिळवा आणि सुगम्यतेचा अनुभव असलेल्या वास्तुविशारदाला तासाभराची फी देऊन दाखवा. नमुना घरातले फर्निचर मुद्दाम लहान मापाचे असते, त्यावर भाळू नका.

प्रश्न : तळमजला मागता येतो का?

लेखी मागा, देकारपत्र स्वीकारण्यापूर्वी, यूडीआयडीची प्रत जोडून. पंतप्रधान आवासच्या मार्गदर्शक सूचनांत दिव्यांग आणि ज्येष्ठांना तळमजला किंवा खालचे मजले प्राधान्याने द्यावेत असे आहे, त्याचा उल्लेख अर्जात करा. पण इमारत पार्किंगच्या खांबांवर उभी असेल तर तळमजल्यावर घरेच नसतात, हे आधी पाहून घ्या.

प्रश्न : एक जण ‘म्हाडाच्या दिव्यांग कोट्यातले’ संक्रमण शिबिरातील तळमजल्याचे घर १८ लाखांत देतो म्हणतो. अर्धी रक्कम रोख मागतो. घ्यावे का?

नाही. संक्रमण शिबिरातील गाळे धोकादायक उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतींतून हलवलेल्या भाडेकरूंना तात्पुरते राहण्यासाठी असतात. ते कोणी विकत घेऊ शकत नाही. पैसे दिले तर तुमची नोंद घुसखोर म्हणून होईल. सोडत संगणकावर निघते, त्यासाठी म्हाडाने कोणी दलाल नेमलेले नाहीत. म्हाडासारखेच दिसणारे बनावट संकेतस्थळ काढून पैसे उकळल्याचे प्रकारही घडले आहेत. त्यामुळे पत्ता ‘म्हाडा डॉट गव्ह डॉट इन’ने संपतो का, ते पाहूनच रक्कम भरा. त्या माणसाचे संदेश पुसू नका, ते घेऊन पोलिसांत जा.

प्रश्न : बिल्डर सांगतो, पंतप्रधान आवासचे २.६७ लाख मिळतील, ते धरून हप्ता बसवू. खरे आहे का?

ती व्याज अनुदान योजना होती आणि ३१ मार्च २०२२ ला ती संपली. तरी फलक अजून उतरलेले नाहीत. सप्टेंबर २०२४ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात व्याज अनुदान आहे, पण अटी वेगळ्या : घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत, पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के, मिळून जास्तीत जास्त १.८० लाख, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. उत्पन्नाची कमाल मर्यादा ९ लाख. हे पैसे आज हातात येत नाहीत, म्हणून ते वजा धरून हप्ता ठरवू नका. बँकेकडून पात्रतेबद्दल लेखी घ्या.

प्रश्न : कोकण मंडळाच्या विरार-बोळींजच्या घरांना सोडत लागत नाही म्हणतात. ती घ्यावीत का?

तिथली शिल्लक घरे प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य या तत्त्वावर विकली गेली आहेत. सध्या किती उरली ते मंडळाच्या संकेतस्थळावर पाहा. सोडत नसल्याचा तुम्हाला मोठा फायदा असा की वरची सगळी मापे घेऊन, घर पाहून मग निवड करता येते. मात्र उपचारांसाठी आठवड्यातून दोनदा परळला जावे लागत असेल, तर लोकलचा प्रवास आणि स्टेशनपर्यंतची रिक्षा एकदा प्रत्यक्ष करून बघा. रिक्षात खुर्ची मावते का, हेही त्याच दिवशी कळेल.

प्रश्न : घर मिळाले, राहायलाही गेलो. आता प्रवेशद्वारातील तीन पायऱ्यांवर रॅम्प घालायला सोसायटी ‘दर्शनी भाग बिघडतो’ म्हणून नकार देते.

तोंडी भांडू नका. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५० मिलिमीटर, त्याला ५.४ मीटर रॅम्प लागेल. त्याचा वास्तुविशारदाने काढलेला नकाशा आणि खर्चाचा अंदाज जोडून सचिवांना अर्ज द्या, पोच घ्या. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ४४ प्रमाणे सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या इमारतीला बांधकाम परवानगी आणि पूर्णत्वाचा दाखला मिळता कामा नये. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही हे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, बंधनकारक करा, असे केंद्राला सांगितले आहे. तुमच्या इमारतीला परवानगी कधीची, मंजूर नकाशात रॅम्प दाखवला होता का, हे माहितीच्या अधिकारात नियोजन प्राधिकरणाकडून मिळवा. म्हाडाच्या जमिनीवरील इमारतींसाठी हे प्राधिकरण बहुधा म्हाडाच असते. नकाशात रॅम्प होता आणि जागेवर नाही, असे निघाले तर सोसायटीशी वाद घालायची गरजही पडणार नाही. तसे नसेल तर पुण्याच्या राज्य दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीचा मसुदा मात्र वकिलाकडून तपासून घ्या.